जन्मसालापुढची रेघ

बोटानं मंजुरीची कळ दाबली, पडद्यावरची नोंद सरकून गेली, पुढची आली, आणि मग कुठं त्याच्या लक्षात आलं की सरकून गेली ती नोंद दादाची होती. आताशा कळ दाबायला बोटाला त्याची गरज उरली नव्हती. सगळ्या ग्रंथालयांची मिळून एक सामायिक सूची होती. कुठल्या कुठल्या गावच्या लोकांनी तिच्यात आदल्या दिवशी केलेले बदल सकाळी त्याच्यासमोर येऊन पडत, आणि त्यानं हो म्हटलं की ते सगळीकडे जात. बघणं म्हणजे काय, डोळा वरून खाली फिरायचा. कुणाच्या आडनावातली वेलांटी बदललेली असायची, कुणाला मधलं नाव मिळालेलं असायचं, कुणी मेलेलं असायचं. मेलेल्यांचं काम सगळ्यांत सोपं. लेखकाच्या नावापुढं जन्मसाल, सालापुढं आडवी रेघ आणि रेघेपुढं मोकळी जागा. माणूस गेला की त्या जागेत साल भरायचं, झालं. तो नोंदीवर परत गेला. नाव दादाचंच होतं, वडिलांच्या नावासकट. जन्मसाल दादाचंच. खाली पुस्तक एकच, पाण्याच्या पंपांची जोडणी आणि देखभाल, तंत्रशाळेतल्या मुलांसाठी, त्याच्या पुढच्या आवृत्त्यांसह. आणि रेघेपुढची जागा भरलेली होती. मागच्या वर्षाचं साल.

त्यानं पुढची नोंद उघडली. ती कुणा बाईची होती, बागकामावर लिहिणारी, तिचं आडनाव दोन प्रकारे लिहिलं जात होतं आणि त्यातलं खरं कुठलं ते ठरवायचं होतं. त्यानं ते ठरवलं. मग आणखी एक. हात थंड पडलेत असं त्याला वाटलं, पण वातानुकूलनाचं तोंड त्याच्या टेबलावरच होतं, हात रोजच थंड असायचे. रडू येत नव्हतं. फक्त फार दमल्यासारखं झालं होतं, जिना चढून वर आल्यावर कुणी सांगावं की चुकलात, पलीकडच्या इमारतीत जा, तसं.

कचेरीत त्याला टिंब म्हणत. नोंदीत जिथं पूर्णविराम हवा तिथं तो नसेल तर नोंद परत पाठवायची, हा त्याचा जुना लौकिक. पूर्वी या नावाचा त्याला राग यायचा, मग गंमत वाटायला लागली, आता काहीच वाटत नव्हतं. एकेकाळी या कामात त्याला रस होता, नाही असं नाही. एकाच नावाची दोन माणसं शोधून वेगळी करायची, एकाच माणसाची विखुरलेली नावं एकत्र आणायची. एका दातांच्या डॉक्टरच्या नावावर कित्येक वर्षं फार्सिकल नाटकं जमा होत होती, आणि खरा नाटककार हिरड्यांच्या रोगांवरच्या ग्रंथाचा मालक होऊन बसला होता. तो गुंता त्यानं सोडवला तेव्हा घरी जाऊन बायकोला रंगवून सांगितलं होतं. मग जुनी प्रणाली गेली, नवी आली, ती येताना हजारो नावांमधली अक्षरं फुटून त्यांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटली, ती दुरुस्त करता करता त्याचे केस गेले, आणि दुरुस्ती संपायच्या आत त्याहून नवी आली. तेच पुस्तक तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी भरलेलं. एक पुसावं तर पाठीमागं दोन उगवत. साफ करून ठेवलेली सूची म्हणून काही चीज नसते, हे त्याला कधीतरी उमगलं होतं, आणि तेव्हापासून तो फक्त येत होता आणि जात होता.

"टिंबसाहेब, चहा." शेजारच्या टेबलावरची विषयवाली कप घेऊन उभी होती. पुस्तक कुठल्या विषयात घालायचं ते ती ठरवत असे, म्हणून ती विषयवाली. "कुणाचं भूत बघितलंत?"

"नाही हो. डोळे दुखतायत."

"चष्मा बदला. मी गेल्या महिन्यात बदलला, तर कळलं की भिंत पिवळी आहे. इतकी वर्षं मला पांढरी दिसत होती."

तो हसला. चहाचा घोट घेताना वाटलं, हिला सांगावं. पण सांगायचं काय? माझा भाऊ वारला. कधी? मागच्या वर्षी. आणि आज कळलं? हो. कसं काय? त्यानं कप ठेवला आणि दादाची नोंद पुन्हा उघडली. साल कुठून घेतलं हे खाली लिहावं लागतं. तिथं लिहिलं होतं: तंत्रशिक्षक मंडळाचं वार्तापत्र, श्रद्धांजली. ते वार्तापत्र त्यांच्याच इमारतीत येत होतं. एक मजला उतरला की नियतकालिकांची खोली, तिथल्या माणसाला सांगितलं की तो अंक हातात. इतर कुणाच्याही बाबतीत तो उतरला असता. एका पुराव्यावर विश्वास ठेवायचा नाही, असं तो नव्या लोकांना शिकवायचा. पण आज तो उठला नाही. तिथं छापलेलं असणार: त्यांच्या पश्चात पत्नी, आणि पुढं आणखी कोण कोण. त्यात भाऊ असेल की नसेल? असला तर तो दादानं आधीच सांगून ठेवलेला असणार, आणि नसला तर तोही सांगूनच वगळलेला. दोन्ही वाचायची त्याची तयारी नव्हती.

तसं भांडण असं कधी झालंच नव्हतं. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता. दादाला तंत्रशाळेत निदेशकाची नोकरी नुकतीच लागली होती, लग्नही नुकतंच झालेलं. दादा आला, त्याची ट्रंक उचलली आणि आईसकट त्याला आपल्याकडे घेऊन गेला. खोल्या दोनच. बाहेरच्या खोलीत नेहमी एखादा पंप उघडा पडलेला, वर्तमानपत्रावर त्याचे भाग ओळीनं मांडलेले, आणि सगळ्या घराला ग्रीसचा वास. वहिनी त्या भागांवरून पाय न लागू देता ये-जा करायची, नव्या नवरीला असलं घर मिळालं म्हणून तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही. त्याच्यापेक्षा ती फार मोठी नव्हती. "भावजी, यातलं एक चाक मी लपवून ठेवते, बघू तुमच्या दादांना कळतं का," असं म्हणून तिनं खरंच एकदा एक चकती पदराआड लपवली होती. दादानं रात्रीचं जेवण सोडून ती शोधली, आणि सापडल्यावर हसायचं सोडून ती चकती कशासाठी असते ते दोघांना समजावून सांगत बसला. दादा असाच. माया करायचा तीसुद्धा शिकवल्यासारखी.

आई शेवटपर्यंत दादाकडे होती. ती गेली तेव्हा इथं जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत नोंदी हलवायचं काम ऐन भरात होतं. तो उशिरा पोचला आणि लवकर निघाला. निघताना दादा दारात उभा राहून शांतपणे म्हणाला होता, "पुढच्या वेळी आधी कळवून ये. घर आवरून ठेवू. पाहुण्यांसाठी आवरतात तसं." एवढंच. ते वाक्य त्याला लागलं. आधी वाटलं, दादानं फोन करावा. मग वाटलं, आपण करावा, पण निमित्त हवं. मग निमित्त शोधण्याचीही सवय मोडली. राग केव्हाच उतरला होता. उरला होता तो नुसता न जाण्याचा रिवाज, आणि तो रागापेक्षा टिकाऊ निघाला. मधूनमधून वहिनीचा फोन यायचा, दादा घरात नसताना. "भावजी, एकदा येऊन जा ना. ते काही म्हणणार नाहीत." तो म्हणायचा, येतो. आणि आज त्याला राग आला तो नेमका वहिनीचा. गुडघे दुखतात, शेजाऱ्यांनी कुत्रं पाळलंय, असल्या गोष्टी सांगायला फोन करणाऱ्या वहिनीला हेच कळवावंसं वाटलं नाही?

संध्याकाळी तो बसनं न जाता चालत निघाला. रस्त्यावर नेहमीचं होतं. पाट्या दिसत होत्या, आणि एका दुकानाच्या पाटीवर नावापुढचं टिंब नाही हे त्याच्या डोळ्यांनी आपोआप टिपलं, तेव्हा त्याला स्वतःची किळस आली. भाऊ मेलाय आणि तू टिंब बघतोस. मग वाटलं, पण दादा आज मेलेला नाही. मागच्या वर्षीच्या कुठल्याशा दिवशी मेला, आणि त्या दिवशी आपण असेच या रस्त्यानं गेलो असू, कदाचित केस कापायला थांबलो असू, हसलोही असू. शोक करायचा तर तो कुठल्या दिवसात जाऊन करायचा? चौकात दिवा लाल झाला. सगळे थांबले, म्हणून तोही थांबला.

बायको स्वयंपाकघरात काकडी चिरत होती. त्यानं बूट काढता काढता सांगितलं, म्हणजे सांगून टाकलं, बिल भरल्याचं सांगावं तसं.

तिच्या हातातली सुरी थांबली. "कुणी सांगितलं?"

"सूचीत आलं."

"सूचीत? अहो, माणूस गेल्याचं सूचीत येतं का? घरून कुणाचा फोन नाही?"

"नाही."

"आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्ही केलात का फोन?"

"वर्ष झालं त्याला. आता कुणाला फोन करायचा?"

"वहिनींना. आणखी कुणाला?" तिनं ओले हात पुसले आणि फोन आणून त्याच्यासमोर ठेवला. "एकट्या असतील त्या. बाई, वर्षभर एकट्या. लावा."

"काय बोलू?"

"काही बोलू नका. नुसतं ऐकून घ्या. शिव्या घातल्या तर खा."

नंबर त्याला पाठ होता, याचं त्यालाच नवल वाटलं. पलीकडं घंटा वाजत राहिली. वहिनी, मी बोलतोय, मला आजच कळलं, असं तो मनात जुळवत होता, आणि 'आजच' हा शब्द कसा वाटेल याचा विचार करत होता, तेवढ्यात फोन उचलला गेला. आधी खोकला ऐकू आला. मोठा, घसा खरवडून काढणारा, वर्गात मुलांनी गप्प बसावं म्हणून खोकतात तसा.

"कोण?"

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कोण बोलतंय? अहो, फोन केलाय तर बोला की."

"मी."

"मी कोण?"

"दादा, मी."

पलीकडं रेडिओ चालू होता, तो बंद झाला. मग दादानं विचारलं, "कोण गेलं?"

"म्हणजे?"

"तू फोन केलास म्हणजे कुणीतरी गेलं असणार. बायको बरी आहे ना तुझी?"

"बरी आहे. इथंच उभी आहे."

"मग?"

त्याला हसू फुटलं. त्या हसण्याचा भलताच आवाज निघाला, तेव्हा बायकोनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. ती काहीच न समजून त्याच्या तोंडाकडं बघत होती. "तू," तो म्हणाला. "तू गेलास, असं आलं होतं. आमच्या सूचीत. पुस्तकामुळं तुझं नाव आहे ना तिच्यात. मागच्या वर्षी गेलास असं कुणीतरी भरलं."

"कुणी भरलं?"

"कुठल्याशा ग्रंथालयानं. माझ्याकडं मंजुरीला आलं."

"मग तू काय केलंस?"

"मंजूर केलं."

"चौकशी न करता?"

"हो."

"केव्हा?"

"सकाळी."

"सकाळी," दादा म्हणाला. "आता दिवे लागले." त्या आवाजात राग नव्हता. मुलानं जोडलेल्या पंपातून पाणी कुठं गळतंय ते दाखवताना त्याचा आवाज असाच असे. तिथं बोट ठेवायचा आणि गप्प राहायचा. तो गप्प राहिला.

ही शांतता सहन न होऊन तो घाईनं म्हणाला, "वहिनींना दे ना जरा. त्यांच्याशी बोलतो."

"ती कुठंय आता," दादा म्हणाला. "गेली रे ती. मागच्या वर्षी."

बायकोचा हात पाठीवरून निघाला. त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं असावं.

"मंडळवाल्यांनी वार्तापत्रात छापलं होतं. वर माझं नाव ठळक, आणि खाली बारीक अक्षरात, यांच्या पत्नी. कुणीतरी वरचंच वाचलं असेल. वाचायला कुणाला वेळ असतो!"

"मला कळवलं नाहीस."

"नाही." दादा म्हणाला, "हातात घेतला होता फोन. मग वाटलं, तू विचारशील, काय झालं होतं, कधीपासून होतं, डॉक्टर काय म्हणाले. ते सगळं पुन्हा सांगायचा कंटाळा आला. तिच्या मागं मला बोलायचाच कंटाळा येतो." तो पुन्हा खोकला. "तुला फोन करायची ती. मला माहीत होतं."

"तू घरात नसताना करायची."

"मी बाहेर जायचो म्हणून करायची. दुकानात जाऊन येतो म्हणायचो आणि कोपऱ्यावर उभा राहायचो. तिचं बोलणं लवकर आटपत नसे. पाय दुखायचे."

तो आठवायला लागला, वहिनीचा शेवटचा फोन कधी आला होता. आठवेना. फोन यायचे बंद झाले होते आणि ते बंद झालेत हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. दिवसभर तो तिच्यावर रागावला होता, कळवलं नाही म्हणून. टेबलाच्या कडेला एक पोपडा सुटला होता, तो त्यानं नखानं काढत काढत पार मोठा केला. सकाळपासून जे आलं नव्हतं ते आता येऊ लागलं, आणि ते भलत्याच वाटेनं येत होतं. दादा जिवंत आहे याचा आनंद करायचा की काय, हे त्याला ठरवता येईना.

"शनिवारी येऊ?" त्यानं विचारलं.

"ये," दादा म्हणाला. "येताना विजेचे दिवे घेऊन ये, दोन. इथले टिकत नाहीत."

दुसऱ्या दिवशी त्यानं नोंद उघडली आणि साल काढून टाकलं. प्रणालीनं आधार विचारला. आधाराच्या जागी पुस्तक लिहितात, कोश लिहितात, वार्तापत्र लिहितात. त्यानं लिहिलं: संबंधित व्यक्तीशी दूरध्वनीवर बोलणं झालं. मग ज्या ग्रंथालयानं ते साल भरलं होतं तिथल्या माणसाला सौम्य शब्दांत कळवलं, की मृत्यू पत्नीचा आहे. वहिनीनं एक ओळही लिहिली नव्हती, तेव्हा तिची नोंद असण्याचा प्रश्नच नव्हता. कुठल्याही शोधात ती येणार नव्हती. विषयवाली वाकून म्हणाली, "हे काय, फोनवर बोललात? लेखकांना फोन करायला लागलात की काय?"

"भाऊ आहे माझा."

"सख्खा?"

"सख्खा."

ती पुढं काहीतरी विनोद करणार होती. केला नाही. त्या दिवशी तिनं त्याचा कपही धुऊन ठेवला.

शनिवारी तो एकटाच गेला. बायको येते म्हणत होती, पण मग म्हणाली, पहिल्यांदा तुम्ही जा. दादा वाळला होता. मिठी मारायची सवय दोघांनाही नव्हती. दादानं दिव्यांची पिशवी घेतली आणि दिवे कानाशी हलवून पाहिले. घरात ग्रीसचा वास आता नव्हता. कशाचाच नव्हता. चहा दादानं केला, पाणचट, आणि दोघांनी तो संपवला. आजाराचं दादानं मोजक्या शब्दांत सांगितलं, एकदाच, भिंतीकडं बघत. त्यानं काही विचारलं नाही. दोन्ही दिवे बसवले. गळकी तोटी बघितली, तर दादा म्हणाला, राहू दे, ती मी मुद्दाम ठेवलीय, घरात आवाज असतो.

दुपारी दादा आतल्या खोलीत जाऊन उभा राहिला आणि तिथून म्हणाला, "तिचं कपाट तसंच आहे. शेजारीण म्हणते, रिकामं करा, कुणाच्या तरी अंगाला लागतील कपडे. माझ्यानं होत नाही. तू काढ. काय ठेवायचं, काय काढायचं, तुझं रोजचंच काम ते."

त्यानं कपाट उघडलं. डांबरगोळ्यांचा वास, आणि त्याखाली आणखी एक, फार मागचा. वरच्या फळीवरून त्यानं एक राखी स्वेटर काढून झटकला. त्याला एक बटण निराळ्या रंगाचं होतं. "हा?"

दादा खुर्चीत बसला होता. "ठेव."

"ही शाल विरलीय."

"विरू दे. ठेव."

"हे तर नवंच आहे. घडीही मोडलेली नाही. कुणालातरी होईल."

"ते तिनं राखून ठेवलं होतं. ठेव."

मग त्यानं विचारणं सोडलं. एकेक काढत गेला, झटकत गेला, पलंगावर टाकत गेला, आणि दादा प्रत्येकाला ठेव म्हणत गेला, काही वेळानं न बोलता नुसत्या मानेनं. फळ्या रिकाम्या झाल्या आणि पलंग भरला. त्यात टाकून देण्याजोगं पुष्कळ होतं, टाकायचं मात्र काहीच नव्हतं. तो कमरेवर हात ठेवून जरा उभा राहिला, मग राखी स्वेटर पुन्हा उचलला आणि घडी घालून फळीवर ठेवला. दुसरा उचलला.

"थांब," दादा म्हणाला. "ती अशी घडी घालत नव्हती."

"मग कशी?"

दादा गुडघ्यावर हात टेकून उठला, पलंगाच्या कडेला बसला आणि त्याच्या हातातला स्वेटर घेऊन, मांडीवर पसरून त्यावरून तळवा फिरवू लागला. बाही आत घेतली, बाहेर काढली, पुन्हा आत घेतली. मधोमध दुमडला. तसाही नव्हता. त्याची बोटं थांबली. "रोज बघत होतो," तो म्हणाला. "समोर बसून घालायची." पुन्हा एकदा करून पाहिला, आणि स्वेटर नुसताच हातात धरून बसला. दादावरची नजर काढून त्यानं पलंगाकडं पाहिलं. वर्षभर टिकलेल्या सगळ्या घड्या त्यानं स्वतःच्या हातानं, एकेक झटकून, मोडून टाकल्या होत्या.

त्यानं खाली बसून कपाटात पाहिलं. सगळ्यांत खालच्या फळीवर, मागं भिंतीला टेकून, एक निळं काहीतरी राहून गेलं होतं. त्यानं ते दोन्ही तळव्यांवर घेऊन, हलू न देता बाहेर काढलं आणि दादासमोर पलंगावर ठेवलं. लोकरीचं होतं. कडा जुळलेल्या, बाह्या कुठं गेल्यात ते वरून दिसत नव्हतं. दोघंही त्यावर वाकले.

"आता?" त्यानं विचारलं.

दादानं डोळ्यांवर चष्मा चढवला आणि दिव्याचा उजेड पडावा म्हणून डोकं जरा बाजूला घेतलं.

"हळू," तो म्हणाला. "एकेक पदर उलगड. कुठला आधी निघतो ते मी बघतो."